काडतुसाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत काव्य, संगीत, अध्यात्म, अर्थकारण हे विषय नेहमीचे आहेत. त्यांच्या पंक्तीला बंदूक आणि काडतूस येऊन बसलेले पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती आम्हांस गैर वाटत नाही. सोलापूरकराला दारू म्हटली की सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर होणारे शोभेचे दारूकाम आठवते. ज्या दारूविषयी आम्ही बोलणार आहो तिला शोभा नाही. ती पितळी बुडाच्या एका लहानशा नळीत दडून असते आणि तिचे काम क्षणात संपते. परंतु त्या नळीवर किती बंधने असावीत, ती कोणी घालावीत आणि ज्यांच्यावर ती पडतात त्यांनी शासनास काय उत्तर द्यावे, हा प्रश्न नागरिक आणि राज्य यांच्या नात्याचा आहे. म्हणूनच तो या व्यासपीठावर आणण्याचे धाडस केले.

प्रारंभीच एक खुलासा करतो. आम्ही स्वतः परवानाधारकांपैकी आहो. शेताच्या राखणीची बारा बोअरची एक बंदूक आमच्या घरी दोन पिढ्या आहे. तेव्हा आम्ही तटस्थपणाचा आव आणीत नाही. परंतु ज्याचे त्यात काही आहे त्याने आपलीच बाजू तेवढी मांडावी असेही कोठे लिहिलेले नाही.

शस्त्रांच्या कायद्याकडे आपले लोक संशयाने पाहतात, याचे मूळ इतिहासात आहे. १८५७ च्या उठावाची धास्ती इंग्रज राज्यकर्त्यांच्या मनातून पुढे वीस वर्षे गेली नव्हती. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. या देशातील माणसाने शस्त्र बाळगावयाचे तर परवाना हवा, युरोपियनास मात्र सूट, अशी त्याची तऱ्हा होती. शस्त्रापेक्षाही हा भेद लोकांस अधिक झोंबला. पुढच्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. राष्ट्रीय सभेने आपल्या बाल्यावस्थेतच, म्हणजे १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि पुढे ही तक्रार तिच्या पटलावर वारंवार येत राहिली.

यानंतरची गोष्ट सोलापूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. १९३० च्या जानेवारीत महात्माजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्यापुढे अकरा मागण्या ठेविल्या. मिठावरील कर रद्द करा ही त्यांतली मागणी सर्वांस ठाऊक आहे. त्याच यादीत आणखी एक मागणी होती: आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण राहू द्या. अहिंसेच्या पुजाऱ्याने ही मागणी करावी याचे नवल वाटेल. परंतु स्वतः होऊन शस्त्र खाली ठेवणे निराळे आणि दुसऱ्याने ते हिसकावून घेणे निराळे, हा भेद त्यांच्याइतका कोण जाणत होता? पहिल्याने माणूस उंचावतो, दुसऱ्याने तो मिंधा होतो. त्या मागणीतील दुसरा भागही नजरेआड करू नये. परवाना आणि लोकनियंत्रण या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या होत्या.

त्याच वर्षी, याच वैशाखाच्या दिवसांत, सोलापुरात काय घडले ते येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. ८ मे १९३० रोजी गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. शस्त्र केवळ सरकारच्या हाती असले आणि त्या सरकारावर प्रजेचा कसलाही अंकुश नसला म्हणजे काय होते, हे या गावाने पोथीतून वाचलेले नाही, अंगावर घेतलेले आहे. त्या फाशीनंतर दोनतीन महिन्यांतच कराचीस काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे कलम घातले गेले.

मग स्वातंत्र्य आले. कराचीचे ते कलम आपल्या घटनेत का नाही, असा प्रश्न बंदूकवाल्यांच्या बैठकीत हटकून निघतो. त्याचे उत्तर घटनासमितीच्या कामकाजात आहे. १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली व तिला कराचीच्या ठरावाचा आधार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, परक्या सरकारने लोकांस निःशस्त्र केले होते तेव्हा ती मागणी योग्य होती, आता परिस्थिती पालटली आहे. आणि प्रत्येकाने बाजारात जाऊन मनास येईल ते हत्यार मोकळेपणी विकत घ्यावयाचे असेल तर राज्यकारभार चालावयाचा कसा? दुरुस्ती नामंजूर झाली. एकोणिसाव्या कलमात आपणांस सभेचे स्वातंत्र्य मिळाले, तेही शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचे. शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत गेला.

हा वाद दिल्लीत चालला तेव्हा सोलापूर जिल्हा कोणत्या अनुभवातून नुकताच बाहेर पडला होता तेही पाहा. १९४७-४८ मध्ये निजामाच्या सरहद्दीला लागून असलेल्या गावांनी रझाकारांची दहशत सोसली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या फौजा सोलापूरकडूनच हैदराबादेच्या वाटेस लागल्या. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आले आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती दिली. ज्या सरहद्दीवरच्या माणसाने घरात साधी बंदूक असावी म्हणून देव पाण्यात घातले असतील, त्यानेच हेही पाहिले की अखेर त्याची सुटका राज्याच्या शिस्तबद्ध फौजेने केली, गावोगावच्या फुटकळ हत्यारांनी नव्हे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आजच्या प्रश्नाची अवघी गुंतागुंत त्यांत आली.

आता आपल्या चालू कायद्याकडे वळू. १९५९ साली संसदेने शस्त्रांचा नवा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. १८७८ च्या कायद्याचा हेतू लोकांस निःशस्त्र करण्याचा होता, तो टाकून प्रामाणिक नागरिकास वाजवी सोय देणे आणि गुंडास आळा घालणे हा नव्या कायद्याचा उद्देश सांगितला गेला. त्यातील दोनतीन कलमे प्रत्येक परवानाधारकाने, आणि प्रत्येक अधिकाऱ्यानेही, तोंडपाठ करावीत. तेरावे कलम म्हणते की, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक, अथवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास, अन्य अडचण नसेल तर परवाना द्यावा. चौदावे कलम म्हणते की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. सतरावे कलम परवाना तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार देते, पण कारणे लेखी नोंदवावयास लावते. अठरावे कलम अपिलाची वाट मोकळी ठेविते.

म्हणजे शस्त्र हा आपला मूलभूत हक्क नाही, परंतु आपण केलेल्या अर्जास कारणासह उत्तर मिळणे हा मात्र आपला कायदेशीर हक्क आहे. आमच्या सगळ्या विवेचनाचा पाया हाच आहे. बंदूकवाल्यांनी अमेरिकेच्या घटनेतील दुसऱ्या दुरुस्तीचे दाखले देऊन उगाच घसा कोरडा करू नये. ती दुरुस्ती १७९१ ची आणि तेथल्या इतिहासातून आलेली आहे. आपल्या घटनाकारांनी तो मार्ग डोळसपणे नाकारला. आपले बळ दुसरीकडे आहे, ते कारणे मागण्यात आहे.

आता काडतुसाकडे येऊ. शासनाची नजर बंदुकीवरून काडतुसाकडे का वळते, हे समजून घेतल्यावाचून विरोध करणे म्हणजे वाऱ्यावर गोळी झाडण्यासारखे आहे. बंदुकीवर क्रमांक असतो, तो परवान्यावर लिहिलेला असतो. एक बंदूक तीन पिढ्या टिकते व हरवली तर बोंब होते. काडतुसाचे तसे नाही. ते सुटे असते, खिशात मावते, झाडले की संपते आणि झाडले नाही तर कोणाच्या हाती गेले हे सांगता येत नाही. गावठी कट्टा एखादा कसबी लोहार लोखंडी नळीपासून बनवितो. परंतु काडतुसाचे टोपण, त्यातील दारू आणि पितळेचे बेताबेताने ओढलेले बूड यांस कारखाना लागतो. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा १९६० नंतरच्या दशकातला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. म्हणून कट्टेवाल्याचे काडतूस बहुधा कोठल्या तरी कारखान्यातच जन्मलेले असते, आणि वाटेत कोणत्या तरी परवानाधारक दुकानातून, कोठारातून अथवा घरातून ते फुटलेले असते.

हे ध्यानात घेतले म्हणजे काडतुसावरील नियंत्रण हा केवळ सरकारी हट्ट नाही हे पटते. आजही आपल्या परवान्यावर दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एका वेळी किती काडतुसे जवळ बाळगावयाची आणि वर्षात किती विकत घ्यावयाची. दुकानदार प्रत्येक खरेदीची तारीख व संख्या नोंदवितो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची आणि ते हाताळण्याच्या शिक्षणाची जबाबदारी परवानाधारकावर घातली. परवान्यांची देशभर एकच नोंदणी होऊन प्रत्येकास स्वतंत्र ओळख क्रमांक मिळाला. उत्तरेकडील काही राज्यांत तर जुन्या काडतुसांची रिकामी बुडे परत केल्यावाचून नवी देऊ नयेत असा नियम ठेवण्यात आला. त्यावर तेथील मंडळींनी पुष्कळ आरडाओरडा केला. उसाच्या फडात रात्री झाडलेल्या काडतुसाचे बूड सकाळी कोठे शोधावयाचे, हा त्यांचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. परंतु दहातली आठही बुडे ज्यास दाखविता येत नाहीत त्यास, बाबा रे, ती गेली कोठे, असे विचारणे हाही काही जुलूम नव्हे.

नव्या बंधनाची वार्ता आली म्हणजे बंदूकवाल्यांच्या तोंडून काय काय निघते याचा सर्वांत ताजा धडा २०१९ चा आहे. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला लोकसभेत शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. तोवर एका माणसास तीन शस्त्रे ठेवता येत, ती संख्या एकावर आणावी असे मूळ विधेयकात होते. देशभरातून हरकती गेल्या. जुन्या संस्थानिक घराण्यांनी वडिलोपार्जित शस्त्रांची गोष्ट काढली, नेमबाजांनी खेळाची काढली, शेतकऱ्यांनी राखणीची काढली. शासनाने एकाच्या जागी दोन मान्य केली. डिसेंबरच्या ९ आणि १० तारखांस दोन्ही सभागृहांत विधेयक संमत झाले आणि १४ डिसेंबरपासून ते अमलात आले. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली. लग्नसमारंभात व मिरवणुकीत आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. ज्यांच्याजवळ तिसरे शस्त्र होते त्यांस ते जमा करण्यास वर्षभराची मुदत मिळाली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये नामवंत नेमबाजांसाठी शस्त्रांची आणि काडतुसांचीही मर्यादा वाढविण्यात आली.

या प्रसंगातून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, शासन ऐकत नाही हा आक्षेप सरसकट खरा नाही. नेमके कारण सांगणाऱ्यांचे त्याने ऐकले. दुसरी अशी की, ज्यांनी आपली गरज नेमकी मांडली त्यांस काही मिळाले, आणि ज्यांनी केवळ प्रतिष्ठेची भाषा केली त्यांच्या पदरी काही पडले नाही. आजोबांची बंदूक हा आठवणीचा ठेवा असेल, पण काडतूस हा कोणाच्याही आठवणीचा ठेवा होऊ शकत नाही. ते लागते ते कामासाठी. म्हणून काडतुसाच्या बाबतीत कामाचीच भाषा बोलावी लागते.

मग काम कोणाचे आहे? आमच्या मते ते तिघांचे आहे.

पहिला शेतकरी. सोलापूर जिल्ह्यात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. नान्नजच्या माळावरचा तो डौलदार पक्षी जगावा म्हणून सरकारने बंधने घातली आणि ती योग्यच होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शोक संपविला, तेही योग्यच झाले. परंतु काळविटांचे कळप आणि रानडुकरे ज्वारीच्या व उसाच्या रानात शिरतात तेव्हा शेतकऱ्याजवळ हाकाटीशिवाय काय उरते? त्यास प्राणी मारावयाचा नसतो, बहुधा एका मोकळ्या बाराने काम भागते. आणि क्वचित प्रसंग याहून बिकट येतो. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्याने तीन माणसांचा बळी घेतला. कोणी मुलास शाळेत धाडीना, कोणी ऊस तोडावयास जाईना. पिंजरे लावून झाले, पथके आली. अखेर वनखात्याच्या परवानगीने एका खाजगी परवानाधारक नेमबाजाच्या गोळीने ते संकट संपले. ती गोळी परवान्याची होती, नोंदलेली होती आणि शासनाच्या आज्ञेने झाडलेली होती. बंदुकीचा योग्य उपयोग कोणता याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा पहारेकरी. फौजेतून निवृत्त झालेला जवान बँकेच्या दारात वा रोकड नेणाऱ्या गाडीवर उभा राहतो, तो बहुधा स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीनिशी. नोकरी त्याच्या नावाने असली तरी पगार त्याच्या बंदुकीस मिळतो म्हणाना! निवडणूक आली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. ज्याने आयुष्यात कधी कोणाच्या अंगावर बोट उचलले नाही त्याचीही बंदूक जाते आणि तिच्याबरोबर दोन महिन्यांची रोजी जाऊ पाहते. या सरसकट हुकुमाविरुद्ध गोव्यातील परवानाधारक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली असा दंडक घातला की, सर्वांस एकाच दावणीस बांधू नये, जिल्ह्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करून ज्याच्याविषयी शंका आहे त्याचेच शस्त्र जमा करून घ्यावे. त्याच वर्षी निवडणूक आयोगानेही तशा सूचना काढल्या. बंदूकवाल्यांनी मिळविलेला सर्वांत मोलाचा विजय आम्ही याला समजतो. त्यांनी शस्त्राचा हक्क मागितला नव्हता. आमच्याकडे एकेकाकडे निरखून पाहा, एवढेच मागितले होते.

तिसरा खेळाडू. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने गुलाल उधळला. ते पदक एका दिवसाच्या गोळ्यांवर मिळालेले नाही. त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आणि हजारो काडतुसे आहेत. सामान्य परवानाधारकाची मर्यादा या मुलामुलींस लावली असती तर पदक तर सोडाच, नेमही बसला नसता.

श्रोतेहो, येथवर आम्ही बंदूकवाल्यांची बाजू मांडली. आता त्यांच्याच आरशात थोडे पाहू. बीड जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचाचा निर्घृण खून झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर त्या जिल्ह्यात परवाने किती, ते कोणास आणि कशासाठी दिले, याची चौकशी सुरू झाली. हातात पिस्तूल घेऊन मिरविणाऱ्या तरुणांची चित्रे घरोघर पोचली आणि २०२५ च्या आरंभी प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. पाहता पाहता कंबरेचे पिस्तूल हे गळ्यातल्या सोन्याच्या साखळीसारखे पुढारीपणाचे लेणे होऊन बसले आहे. ज्यास कोणापासून भय नाही तोच ते मिरवितो, आणि ज्यास खरोखर भय आहे तो बिचारा अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. हे चित्र पालटल्यावाचून बंदूकवाल्याच्या शब्दास समाजात वजन येणार नाही.

काही मंडळी हिशेब मांडतात की, गोळीने होणाऱ्या खुनांत परवान्याच्या शस्त्रांचा वाटा फार थोडा असतो, मग आमच्यावर बंधने कशाला? पहिला भाग खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेखांच्या वार्षिक अहवालांत असे बहुतेक खून बिनपरवाना शस्त्रांचेच आढळतात. परंतु त्या बिनपरवाना शस्त्रात काडतूस कोणाचे होते, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही. २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. प्रत्येक परवान्यामागे वर्षाकाठी चारच काडतुसे वाट चुकली तरी एकट्या आपल्या राज्यात ती तीन लाखांच्या वर जातात. खुनी माणसास एक पुरते.

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, मग सगळेच बंद करून टाका. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका माथेफिरूने ३५ माणसे मारली, तेव्हा सरकारने काही जातींच्या बंदुकांवर बंदी घातली व साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ साली काडतुसाच्या विक्रीवर निर्बंध मान्य केले, आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी सुरू झाली. तेथील बंदूकवाले लागलीच न्यायालयात गेले आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. इकडे आपल्या शेजारी कोडगूमध्ये कोडवा समाजास इंग्रजी अमदानीपासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली. इतकी मोकळीक असूनही तो मुलूख काही गोळीबारांचे आगर म्हणून कोणी ओळखत नाही. यावरून कोडगूचा कायदा सोलापुरास लावा, असे आम्ही म्हणत नाही. तेथे बंदुकीभोवती समाजाची शिस्त आहे, सणाची आहे, घराण्याची आहे. जेथे ती नाही तेथे कायद्यास तिची जागा घ्यावी लागते. आणि कायदा जितका आंधळा, तितकी त्याची शिस्त ओबडधोबड होते.

आंधळ्या कायद्याविषयी सोलापूरकरास शिकविणारे आम्ही कोण? याच शहरात काटेरी तारांच्या आड सेटलमेंट होती. जन्मावरूनच माणसास गुन्हेगार ठरविणारा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि तारेआडची माणसे विमुक्त झाली. १८७८ च्या कायद्याने कातडीचा रंग पाहून शस्त्र दिले वा नाकारले, गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जात पाहून माणूस डांबला. दोहोंचा दोष एकच. समोरच्या माणसाने काय केले आहे हे न पाहता तो कोणाच्या पोटी आला हे त्यांनी पाहिले. आज पारध्याच्या मुलाने रीतसर अर्ज केला आणि त्याच्या नावावर कसलाही गुन्हा नसला, तर त्याच्या अर्जास पुढाऱ्याच्या अर्जाइतकाच मान मिळेल काय? मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारू नये असे चौदावे कलम म्हणते, ते याच माणसासाठी आहे. ज्या दिवशी ते कलम कागदावरून कचेरीच्या खिडकीपर्यंत येईल त्या दिवशी १८७८ चा कायदा खऱ्या अर्थाने रद्द झाला असे आम्ही समजू.

तेव्हा काडतुसांवरील नव्या बंधनाचा मसुदा आला की आपण काय करावे? हरकती मागविल्या असतील तर मुदतीत, लेखी आणि थोडक्यात पाठवाव्या. मर्यादा सर्वांस एक नको, गरजेप्रमाणे असावी, हे प्रथम सांगावे. राखणीच्या बंदुकीस छर्ऱ्याची काडतुसे किती लागतात हे तालुक्यातील पिकावरून व जनावरांच्या उपद्रवावरून ठरविता येते. पहारेकऱ्यास वर्षास मूठभर पुरतात, पण ती जुनी होऊन दगा देऊ नयेत म्हणून वेळेवर बदलून मिळाली पाहिजेत. खेळाडूचा कोटा त्याच्या संघटनेच्या नोंदीवर असावा. दुसरे, परवाना नाकारला, तहकूब केला वा काडतुसे कमी केली तर त्याचे कारण अर्जदारास मराठीत आणि मुदतीत मिळावे. तिसरे, शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या अर्जांस एकच कसोटी असावी. या मागण्यांत राज्यास दुबळे करणारे काही नाही.

आणि मागताना देण्याचीही तयारी हवी. आपण होऊन प्रत्येकाने काडतुसाची वही ठेवावी. कोणत्या तारखेस किती घेतली, किती झाडली, कोठे व कशासाठी, बुडे किती जमा आहेत. अधिकारी विचारील तेव्हा नव्हे, शेजारी विचारील तेव्हाही ती दाखविता यावी. मिरवणुकीत बार काढणाऱ्याचे नाव आपणच ठाण्यात कळवावे, मग तो सोयरा का असेना. घरात दारू पिणारा, डोके फिरलेला वा जिवावर उदार झालेला कोणी असेल तर बंदूक आपण होऊन जमा करावी. कित्येक घरांतली आत्महत्या बंदुकीच्या हाताशी असण्याने घडते आणि तिची वार्ता दोन ओळींत संपते. ही वही मंजूर नसेल त्याने सरकारच्या वहीबद्दल तक्रार करू नये.

महात्माजींनी मागितले होते ते परवाने आणि लोकनियंत्रण. परवाने मिळाले. लोकनियंत्रण म्हणजे केवळ मंत्रालयातील अधिकाऱ्याचे नियंत्रण नव्हे, त्यात बंदूकवाल्याने आपल्या बंदूकवाल्या भावावर ठेवावयाची नजरही येते. बाबासाहेबांनी बाजाराची जी भीती घातली होती ती खोटी पाडण्याचे काम न्यायालयाचे नाही, आपले आहे. राज्याने नागरिकास संशयित समजू नये असे वाटत असेल तर नागरिकाने राज्यास आपला हिशेब विचारू द्यावा, आणि राज्याने नागरिकास आपली कारणे विचारू द्यावीत. असा दुहेरी हिशेब ज्या देशात चोख राहतो तेथे काडतुसे थोडी लागतात.